न पाहिलेल्या मालाची बोली

आमच्या वऱ्हाडात लिलावाला 'हर्रास' म्हणतात. लहानपणी बाबांबरोबर तुरीच्या गाडीवर बसून अकोल्याच्या बाजार समितीत जाण्याचा योग मला अनेकदा आला. तेथे मालाचे ढीग लागलेले असत. व्यापारी ढिगाजवळ येई, मूठभर तूर उचली, एखादा दाणा दाताखाली फोडून पाही आणि मगच तोंडातून आकडा काढी. बोली सर्वांसमक्ष चाले. कोण बोलतो आहे, कितीला बोलतो आहे, हे ढिगाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकू येई. शेवटी मापारी काट्यावर माल मोजी आणि अडत्या हिशेबपट्टी हातात देई.

अशा बापाचा मुलगा न पाहिलेल्या मालावर ३,२०० रुपयांची बोली लावतो आणि फसतो, याला काय म्हणावे? परंतु तसे घडले खरे. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असे म्हणतात. माझी ठेच मित्रांच्या उपयोगी पडावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम कार्डांविषयी थोडेसे. खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे जमवण्याचा छंद जुना आहे. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली सिगारेटच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची कार्डे काढली होती. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात 'बिग फन' बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत, आणि आज पन्नाशीला आलेले आमचे काही प्राध्यापकही त्या आठवणीने हसतात. आमच्या पिढीने 'क्रिकेट अटॅक्स'च्या पुड्या फोडल्या. जपानमध्ये १९९६ साली निघालेली पोकेमॉनची कार्डे तर जगभर गेली. यांतील दुर्मिळ कार्डांना जी किंमत येते, ती ऐकून डोळे फिरतात. मिकी मँटल या अमेरिकन बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. कागदाच्या तुकड्याला एवढी किंमत आली, की त्याच्यामागे लबाडी येणारच.

मला हवे होते १९९६ च्या विश्वचषकाच्या सुमारास निघालेले सचिन तेंडुलकरचे एक कार्ड. मोबाईलवरील एका गटात रोज रात्री नऊ वाजता अशा कार्डांचा लिलाव होई. बोली ५०० रुपयांपासून सुरू झाली. मी १,२०० म्हटले. दोघे जण माझ्या अंगावर चढत गेले. २,००० झाले, २,५०० झाले. 'आता सोडले तर पुन्हा मिळणार नाही' हा विचार डोक्यात शिरला आणि मी ३,२०० वर थांबलो. तेही थांबले. अभिनंदनाचे संदेश आले. खोलीभाडे आणि मेस यांसाठी घरून आलेले पैसे मी त्याच रात्री पाठवले. खात्यावरचे नाव विक्रेत्याचे नव्हते. विचारले, तेव्हा 'भावाचे खाते आहे' असे उत्तर आले.

दोन दिवसांनी कुरिअरच्या विम्याचे ८५० रुपये मागण्यात आले. पार्सल मिळाल्यावर ते परत मिळणार होते म्हणे! माझ्याजवळ पैसेच नव्हते, म्हणून मी वाचलो. व्यवहार रद्द करा म्हणताच त्याने अगदी सौजन्याने परतफेडीसाठी क्यूआर कोड पाठवला आणि पिन टाकायला सांगितले. शेजारी बसलेला खोलीवरचा मित्र म्हणाला, "अरे, पैसे घ्यायचे आहेत ना? मग पिन कशाला?" तो प्रश्न लाखमोलाचा होता. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला, की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी पिन टाकला नाही. दुसऱ्या दिवशी मला गटातून काढून टाकण्यात आले.

नंतर शांतपणे शोध घेतला, तेव्हा एकेक गाठ सुटत गेली. मोबाईलवर चित्रावरून चित्र शोधण्याची सोय असते. तिने पाहिले, तर तेच छायाचित्र परदेशातील एका जुन्या जाहिरातीत निघाले. म्हणजे कार्ड त्याच्याजवळ नव्हतेच. माझ्यावर बोली चढवणारे ते दोघे आधीच्या लिलावांतही भाव वर नेत आणि ऐन वेळी गप्प बसत. एकही कार्ड त्यांनी कधी जिंकलेले दिसले नाही. ते गिऱ्हाईक नव्हतेच, तर विक्रेत्याने उभी केलेली बाहुली होती, असाच याचा अर्थ मी लावला.

ही लबाडी आजची नाही, आणि तिच्यावरचा कायदाही आजचा नाही. माल विक्री अधिनियम, १९३० याच्या कलम ६४ मध्ये लिलावाचे नियम दिले आहेत. हातोडा पडेपर्यंत किंवा रूढ रीतीने सौदा पक्का होईपर्यंत कोणीही आपली बोली मागे घेऊ शकतो. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल, तर तो हक्क त्याने आधी जाहीरपणे राखून ठेवला पाहिजे. तसे न करता त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली, तर घेणाऱ्याला ती विक्री कपटाची मानता येते. भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली असेल, तर सौदा मोडण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे. बोली चालू असताना 'आता माघार नाही' असे धमकावणारा गटप्रमुख कायद्याच्या विरुद्ध बोलत असतो, हे मला त्या रात्री ठाऊक असते तर!

येथे आपल्या वऱ्हाडाचा इतिहास आठवल्यावाचून राहवत नाही. पूर्वी देशातील अनेक बाजारांत दलाल रुमालाखाली बोटे दाबून गुप्तपणे भाव ठरवीत. ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नसे. मापातही खोट असे. या परिस्थितीवर उपाय शोधण्याची सुरुवात आपल्याच भागात झाली. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमान्वये कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. हे कारंजा पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात आहे. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि इतर प्रांतांनी त्याचा कित्ता गिरवला. आज बाजार समितीत सर्व काही आलबेल आहे, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. परंतु तेथे चार गोष्टी आहेत. माल डोळ्यांसमोर असतो, बोली उघड असते, मधला माणूस परवानाधारक असतो आणि हिशेब कागदावर मिळतो. मोबाईलवरील त्या गटात या चारांपैकी एकही गोष्ट नव्हती. तंत्र नवे असले, तरी रुमाल तोच जुना होता.

ऑनलाईन लिलाव म्हणजे फसवणूकच, असे मात्र कोणी समजू नये. 'बाझी' हे आपल्याकडील लिलावाचे संकेतस्थळ ईबे कंपनीने २००४ साली घेतले. त्यांच्या 'पैसापे' या व्यवस्थेत घेणाऱ्याचे पैसे मधल्या मध्ये थांबत आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला मिळत. ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. मुद्दा असा, की अनोळखी माणसांच्या व्यवहारात मधला विश्वासू लागतोच. तो नसेल, तर तेवढी सावधगिरी आपणच बाळगली पाहिजे.

ती कशी बाळगावी? विक्रेत्याला कार्डाची दोन्ही बाजूंनी चित्रफीत मागावी आणि तीत शेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्र ठेवायला सांगावे. ज्याच्याजवळ माल आहे, त्याला हे दोन मिनिटांचे काम आहे. पैसे दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर पाठवू नयेत. आपला आकडा बोली सुरू होण्याआधीच वहीत लिहून ठेवावा आणि तो ओलांडू नये. कार्ड पारखून प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देणाऱ्या संस्था परदेशात आहेत. त्या पेटीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पण खऱ्या पेटीचा क्रमांक खोट्या पेटीवरही छापता येतो, म्हणून तेथील छायाचित्र आपल्या कार्डाशी ताडून पाहावे. दहा रुपयांच्या पुडीत मिळणारी सोनेरी पोकेमॉन कार्डे तर खेळण्यापुरतीच घ्यावीत. व्ही. पी.ने किंवा घरपोच पैसे देऊन मागवले म्हणजे निर्धास्त, असेही नाही. तेथेही बहुधा पैसे आधी द्यावे लागतात आणि पार्सल मागाहून उघडते. बंद खोक्याचा भरवसा किती धरावा, याचा धडा जानेवारी २०२२ मध्ये लोगन पॉल या अमेरिकन माणसाला मिळाला. पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीची म्हणून ३५ लाख डॉलरला घेतलेली पेटी त्याने उघडली, तर आत जी. आय. जो या खेळण्यांची कार्डे निघाली. त्या पेटीला खरेपणाचा दाखलाही मिळालेला होता!

याच जातीची दुसरी लबाडी आपल्या खेड्यापाड्यांत फिरते. 'ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या' असा संदेश कोणाच्या मोबाईलवर आला नसेल? येथे फसवला जाणारा विकणारा असतो. त्याच्याकडून आधी नोंदणी, कर, दलाली अशा नावांखाली पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून स्पष्ट केले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कोणाकडून दलाली मागत नाही.

इतके करूनही फसलोच, तर? माझी खरी चूक येथे झाली. मी नऊ दिवस कोणाला काही बोललो नाही. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. 'शिकलेला पोरगा फसला' हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगणार? त्या नऊ दिवसांत मित्रांच्या डब्यात जेवलो, पण तोंड उघडले नाही. शेवटी १९३० या क्रमांकावर फोन केला, तेव्हा तक्रार नोंदली गेली. परंतु पैसे केव्हाच पुढे गेले होते.

हा १९३० क्रमांक केंद्रीय गृहमंत्रालयाच्या व्यवस्थेचा आहे. ही व्यवस्था एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाली. तक्रार येताच पैसे ज्या बँकेत गेले, त्या बँकेला कळवले जाते. रक्कम तेथे शिल्लक असेल, तर ती अडवून ठेवतात. दुसऱ्या बँकेत गेली असेल, तर निरोप पुढच्या बँकेला जातो. म्हणजे ही शर्यत आहे. चोराच्या हातात पैसे पडण्याआधी आपला फोन पोचला पाहिजे. फोन करताना व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि आपल्या बँकेचे नाव हाताशी ठेवावे. संभाषण पुसून टाकू नये, त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. आपल्या बँकेलाही लगेच कळवावे. मात्र पिन आपणच टाकलेला असल्याने तो 'संमतीविना झालेला व्यवहार' ठरत नाही, असे मला बँकेत सांगण्यात आले. म्हणूनच वेळेला एवढे महत्त्व आहे. फसवणुकीचा गुन्हा, ज्याला आपण 'चारसोबीस' म्हणत आलो, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. संगणक वा मोबाईलच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६६ड लागू होते.

माझे ३,२०० रुपये आजवर परत आलेले नाहीत. दिवाळीच्या सुटीत बाबांना सर्व सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माल पाह्यल्याबिगर बोली लावते का कोणी, बाप्पा?" आणि पुढे म्हणाले, "पैसे गेले त्याचं काई नाई. पण नऊ रोज मले सांगतलं काहून नाई?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी या लेखात द्यायचा प्रयत्न केला आहे. दुसऱ्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मित्रहो, फसणे ही शरमेची गोष्ट नाही. शरमेने आपण गप्प बसतो, तेवढाच वेळ चोराला मिळतो. तुमच्यावर अशी वेळ आली, तर त्याच घटकेला फोन उचला आणि नंतर लगेच घरी सांगा.