जुना संगणक भंगारात देण्याआधी रॅम तपासा



आपल्या केनवडच्या कार्यालयातला संगणक वर्षभर रडत होता. बचत-कर्जाची शीट उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. बैठकीला हिशोबाची प्रत वेळेवर मिळेना, मग शंका आणि कुरबुरी. दुकानदार म्हणाला, "भंगारात द्या, नवा घ्या." पण पैसा आपल्या बचतीचा! म्हणून आधी दुखणं शोधलं.

हार्डडिस्क म्हणजे धान्याची कोठी आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठीत कितीही माल असो, हाताशी लागतो तो ओट्यावर. ओटा लहान असला की एक डबा ठेवायला दुसरा आत न्यावा लागतो. संगणकही तशाच येरझारा घालतो, म्हणून अडकतो.

आधी तपासा. नेहमीचं काम उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' बघा. ती जवळपास भरलेली असेल तर रॅम कमी पडते. मेमरी मोकळी आणि 'डिस्क' सतत १०० टक्के असेल, तर रॅम वाढवून उपयोग नाही. तिथे हार्डडिस्क बदलून एसएसडी टाकणं बरं.

मग विचारा. विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट? ३२ बिट साधारणपणे ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरत नाही. रॅम डीडीआर२, डीडीआर३ की डीडीआर४? प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो, तेही विचारा. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या, म्हणजे चूक होत नाही.

बसवताना आधी सगळा हिशोब पेनड्राइव्हवर घ्या. संगणक बंद करून वायर काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. डब्याच्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पट्टी कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. खाच जुळवून दोन्ही टोकं सारखी दाबा, क्लिप 'टक्' वाजली की बसली. बळजबरी नको. चालू केल्यावर नुसतं बीप-बीप वाजलं, तर बंद करून वायर काढा आणि पट्टी पुन्हा नीट बसवा.

आपल्या संगणकात २ जीबी होती, आता ८ केली. शीट लगेच उघडते. यावेळी बैठकीत प्रत्येकीच्या हातात हिशोब होता, आणि कुरबूर झाली नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा: खरेदीआधी बैठकीत ठराव घ्या, दोन दुकानांचे भाव लिहून आणा, वॉरंटीसह पक्की पावती फाइलला लावा. पट्टी लहान असली तरी पैसा सगळ्यांचा आहे.