लाइट नव्हती तेव्हाही चक्की फिरायची. पाणचक्की राहिली, एम्प्रेस मिल गेली

बुटीबोरी : लाइट गेली की आटाचक्की बंद. डबा तिथंच ठेवून घरी परत यावं लागतं. पण वीज नव्हती तेव्हाही पीठ दळलं जायचं अन् मिलमध्ये सूतही निघायचं. ते कसं?

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही अठराव्या शतकातली चक्की. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलं. झरा उंचावर, म्हणून पाणी उंच भिंतीत आपोआप चढतं. गावच्या टाकीचं पाणी मोटरीविना वरच्या नळाला येतं ना, तसंच. पाणी खाली पडताना पात्यांचं चाक फिरवतं अन् चाकाचा दांडा वरचं जातं फिरवतो. इथं दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ निघायचं. आज तिकीट काढून ती पाहता येते. समृद्धी महामार्गानं आपल्याकडून जाणंही सोपं झालं आहे.

नागपूरची गोष्ट वाफेची. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आताच्या गांधीसागराजवळ, दलदलीची जागा घेऊन ती भरून काढली. दलदलीत पैसा घालतो म्हणून एका सावकारानं कर्ज नाकारल्याचं सांगतात. टाटांचा हिशेब वेगळा होता. कापूस आपल्या भागातला, कोळसा फार दूर नाही आणि रेल्वे 1867 मध्येच नागपूरला आलेली. तीच लाइन आपल्या बुटीबोरी स्टेशनवरून जाते. 1 जानेवारी 1877 ला मिल सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस.

अशा मिलमध्ये बॉयलरखाली कोळसा जळायचा. वाफ इंजिनाचा दट्ट्या ढकलायची, त्यानं मोठं चाक फिरायचं. तिथून लांब दांडा आणि पट्टे सगळ्या यंत्रांपर्यंत. म्हणजे एका इंजिनावर अख्खी मिल! कामगारांसाठी पेन्शन फंडही इथं 1886 मध्येच सुरू झाला, ही गोष्ट कमी लोकांना माहीत आहे.

पुढं मिल सरकारी महामंडळाकडं गेली आणि 2002 मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल आहे. मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागी वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं काम महापालिकेनं हाती घेतलं. नागपुरात मात्र पोरं मॉलमध्ये सिनेमा पाहून येतात, अन् एम्प्रेस हे नाव कशाचं ते घरी आजोबांना विचारतात.