लिव्हरवरचा पांढरा ठिपका आणि रिपोर्टातलं 'पॉझिटिव्ह'

आज जबलपूरच्या मदन महलहून बोलतोय.

परवा शेजारच्या काकू रिपोर्ट घेऊन आल्या. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. ते करताना सर्जनला लिव्हरवर एक पांढरट ठिपका दिसला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्यांनी तो काढून तपासायला पाठवला. रिपोर्टात काकूंनी एकच ओळ पेनाने अधोरेखित केली होती: 'सीके-7 पॉझिटिव्ह, सीके-19 पॉझिटिव्ह'.

"पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच ना रे?"

खालीच निदान होतं, 'बाइल डक्ट अ‍ॅडेनोमा', म्हणजे पित्तनलिकेची साधी गाठ. पण तिथवर त्यांची नजर पोचलीच नव्हती. तीन रात्री झोप नव्हती त्यांना.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून सांगतो. सीके-7 आणि सीके-19 ही पेशीतल्या प्रथिनांची नावं. त्या प्रथिनाला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी आम्ही काचेवरच्या चकतीवर सोडतो. जिथे ती चिकटते तिथे तपकिरी रंग उमटतो. पित्तनलिकेच्या निरोगी पेशीही अशाच रंगतात, साध्या गाठीच्याही आणि कॅन्सरच्याही. हा रंग पेशीचं आडनाव सांगतो, तिची चालचलणूक नाही.

चालचलणूक आधी साध्या गुलाबी-निळ्या रंगातच दिसते. हिमॅटॉक्सिलिनने पेशीचं केंद्रक निळं होतं, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. अ‍ॅडेनोमा बहुधा एकटाच असतो, एक सेंटिमीटरहून लहान, लिव्हरच्या आवरणालगत. आत दाटीने बसलेल्या बारीक नळ्या, केंद्रकं एकसारखी, विभागणाऱ्या पेशी जवळपास नाहीतच. नळ्या फुगलेल्या, वाकड्यातिकड्या, आत पित्त आणि असे ठिपके बरेच असतील, तर तो हॅमार्टोमा. फॉन मायेनबुर्ग यांनी 1918 साली त्याचं वर्णन केलं; तोही साधाच. कॅन्सरच्या नळ्या मात्र बेशिस्त असतात: केंद्रकं लहानमोठी, आजूबाजूला घुसखोरी.

खरी कसोटी लागते ती कॅन्सरचं ऑपरेशन चालू असताना. समजा, स्वादुपिंडाची गाठ काढायला पोट उघडलंय आणि लिव्हरवर असाच ठिपका दिसला. कॅन्सर तिथवर पसरला असेल तर बहुधा ऑपरेशन तिथेच थांबवतात. तुकडा गोठवून, कापून, रंगवून वीसेक मिनिटांत उत्तर द्यायचं असतं. अँटिबॉडीचे रंग तेवढ्यात होत नाहीत. साध्या गाठीला कॅन्सर म्हटलं, तर बरा होऊ शकणारा माणूस उपचाराविना परत जातो. त्या वीस मिनिटांत माझ्याही घशाला कोरड पडते.

नंतर सावकाश बाकीचे रंग करता येतात. केआय-67 विभागणाऱ्या पेशी दाखवतो. साध्या गाठीत त्या अगदी थोड्या असतात. पी-16 अ‍ॅडेनोमात सहसा टिकून असतो, पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये अनेकदा हरवतो. स्वादुपिंडाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरांत स्मॅड-4 नाहीसा होतो. म्हणजे इथे रंग न उमटणं ही वाईट बातमी! एकट्या रंगावर निकाल मात्र कुणी देऊ नये. आकार आणि रंग जुळले पाहिजेत.

इथल्या किल्ल्याखालचा बॅलन्सिंग रॉक तुम्ही पाहिला असेल. आता पडेल, मग पडेल असं वाटतं, पण 1997 च्या भूकंपातही तो हलला नाही. काकूंना तोच दाखला दिला, तेव्हा कुठे हसल्या.

जाताना एक सांगितलं, तुम्हालाही सांगतो. दुसरं मत हवं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. नवे रंग त्या ब्लॉकवरूनच करता येतात.