माणसाविना रणभूमी : पॉल नॅश

ब्रिटिश चित्रकार पॉल नॅश १९१७मध्ये लष्करी अधिकारी म्हणून बेल्जियममधल्या ईप्र आघाडीवर होते. मे महिन्यात खंदकात पडून त्यांची बरगडी मोडली आणि त्यांना मायदेशी पाठवण्यात आलं. पुढच्या काही दिवसांतच त्यांच्या तुकडीतले अनेक सहकारी चढाईत मारले गेले. नोव्हेंबरमध्ये ते सरकारी युद्धचित्रकार म्हणून परतले, तेव्हा पाशेंडेलच्या लढाईत पावसाने आणि तोफगोळ्यांनी जमिनीचा नुसता राडा झाला होता.

त्यातूनच ‘वुई आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड’ (१९१८) हे तैलचित्र आलं. त्यात माणूस नाही, प्रेत नाही, बंदूकही नाही. आहेत ते फांद्या उडालेले बुंधे, गोळ्यांनी उचकटलेल्या मातीचे हिरवट उंचवटे, मागे गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे ढग आणि त्यांच्यावर पांढराफटक सूर्य. एरवी निसर्गचित्रातला सूर्योदय दिलासा देतो. इथे तो विध्वंस उघडा पाडतो. नव्या जगाची घोषणा करणारं ते शीर्षक तर प्रेतांच्या खचापेक्षाही अंगावर येतं.

‘द मेनिन रोड’ (१९१९) तीन मीटरहून रुंद आहे. त्यात सैनिक आहेत, पण इतके लहान, की आधी नजर जाते ती झाडांवर आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यांवर. ही दोन्ही चित्रं लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमची.

दुसऱ्या महायुद्धात नॅश यांनी ऑक्सफर्डजवळ काउली इथे मोडक्या विमानांचा ढीग पाहिला. ‘टोटेस मेअर’मध्ये (१९४०-४१) जर्मन विमानांच्या त्या पत्र्यांचा चांदण्यातला समुद्र झाला. हे चित्र टेट संग्रहालयात आहे.