दीड तासाचं कराची

कोळगावला जिल्हाधिकारी कार्यालय आलं, त्यालाही आता काही वर्षं झाली. पालघर जिल्हा 2014 सालचा, ही इमारत 2021 ची. इथे डहाणू-तलासरीकडच्या बायका हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसलेल्या दिसल्या की मी ओळखते, घरचा माणूस 'तिकडे' असणार. तिकडे म्हणजे कराचीच्या तुरुंगात.

एकीने मला विचारलं, "ताय, कराची किती लांब हाय?"

नकाशावर बघाल तर मुंबई ते कराची सरळ रेषेत जेमतेम 880 किलोमीटर. दिल्ली याहून लांब आहे! विमानाने फार तर दीड तास. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन छोट्याशा विमानातून कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरलेसुद्धा. आज मात्र दोन देशांत थेट विमान नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये तर एकमेकांच्या विमानांना आकाशही बंद झालं.

आपल्याकडचे आदिवासी तरुण पावसाळा संपत आला की पोरबंदर, ओखा, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मालकाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे नको म्हणायची सोय नसते. समुद्रात कुंपण थोडंच आहे? सर क्रीकजवळची हद्द तर दोन्ही देशांनी अजून ठरवलेलीच नाही. मासळीमागे बोट पुढे जाते आणि पलीकडची गस्ती नौका सगळ्यांना धरते. बोट कुठे न्यायची ते तांडेल ठरवतो, पण तुरुंगात जाळं ओढणाराही जातो.

सुटका झाली तरी समुद्राने परत यायचं नाही. आधी कराचीहून लाहोर, मग वाघा सीमा, अमृतसर आणि तिथून रेल्वेने खाली. दीड तासाच्या वाटेचे तीन हजारांवर किलोमीटर होतात. मार्च 2024 मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी त्या तुरुंगात वारला. त्याचा मृतदेह घरी यायला साधारण दीड महिना लागला. घरच्यांनी तो काळ कसा काढला असेल!

2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. यादीत नाव निघालं तर बाईला निदान माणूस जिवंत असल्याचं कळतं. पण त्यासाठी तो कोणत्या बोटीवर होता हे तरी सांगता यायला हवं ना? बहुतेकींना फक्त 'गुजरातला गेला' एवढंच ठाऊक असतं.

म्हणून हल्ली पाड्यावर गेले की मी एकच धोशा लावते. नवरा, मुलगा निघायच्या आधी बोटीचं नाव, तिचा नंबर, मालकाचा आणि तांडेलाचा फोन कागदावर लिहून घ्या. आधारची झेरॉक्स जोडा आणि घरातच ठेवा, त्याच्या खिशात नको. परवा एकीने तो कागद तांदळाच्या डब्यात ठेवला. म्हणाली, "इथं हात रोज जातो."