अकरा जण एका वेळी

पहाटे 4.50

गजर वाजायच्या आधीच मी फोनवरचा ग्रुप बघतो. रात्री पावणेदोनला गोलीचा मेसेज आलाय : ‘सर, आत्ता घरी पोचलो. सहाला येतो.’ तो दिवसा कॉलेज करतो आणि रात्री मोटरसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. टिटवाळ्याच्या पोराची लोकल चुकली तर तो साडेसहाशिवाय दिसत नाही. राइट बॅकचं आज केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. डावा विंगर काहीच बोललेला नाही, म्हणजे आज त्याची टेनिस क्रिकेटची मॅच असणार.

मी डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचा मानधनावरचा प्रशिक्षक. या मोसमात आम्ही अजून एकही सामना जिंकलेला नाही. आज दुपारी ठाण्यात एका निमंत्रित स्पर्धेतला आमचा शेवटचा साखळी सामना आहे.

सकाळी 5.40

घरडा सर्कलजवळचं ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल हे डोंबिवलीतलं मोठं मैदान. डिसेंबरात तिथे आगरी महोत्सव भरतो. 2017च्या फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही तिथेच. असे सोहळे शहरात व्हायलाच हवेत. पण मांडव पडला की धावपटू, फुटबॉलवाले, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी सगळीच लहान मैदानांकडे वळतात आणि एकेका मैदानात चार-चार खेळ सुरू होतात. आमच्या वाट्याला आज अशाच एका लहान मैदानाचा कोपरा आलाय. मधोमध क्रिकेटची खेळपट्टी, कडेने फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक. चेंडू त्यांच्या पायात गेला की पोरं ‘सॉरी काका’ म्हणत धावतात. काका चेंडू परत मारतात, कधी कधी फार सुरेख मारतात.

सहा वाजता आठ जण जमलेत. आठांत जेवढं होईल तेवढं करायचं.

आमच्या पोरांच्या पायात कसब नाही असं ज्याला वाटतं, त्याने त्यांना टर्फवर बघावं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत गेल्या काही वर्षांत जाळी लावलेले टर्फ जागोजागी उभे राहिलेत. तासाला हजाराच्या आसपास भाडं, दहा जणांनी वर्गणी काढायची आणि रात्री उशिरापर्यंत खेळायचं. जागा असते तीसेक मीटर लांब. चेंडू जाळीला लागून आत येतो, ऑफसाइड नाही, थ्रो-इन नाही. तळव्याने चेंडू ओढणं, अंगाने झाकून ठेवणं, दोघांच्या मधून काढणं, यात ही पोरं पक्की तयार आहेत. पण नियमाप्रमाणे मोठ्यांचं मैदान कमीत कमी 90 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद लागतं, आणि बरीच मैदानं त्याहून मोठी असतात. तिथे उतरलं की आमचे सगळे चेंडूभोवती गोळा होतात आणि पलीकडची कड मोकळी पडते. समोरचा संघ एक लांब पास टाकतो, आमचा बॅक एकटा सापडतो. याला आळस म्हणू नका. एवढी रुंदी त्यांच्या डोळ्यांच्या सवयीचीच नाही.

म्हणून मी फक्कीची पिशवी काढतो आणि मिळेल तेवढी लांब तिरकी रेघ मारतो. एका टोकाला स्टॉपर, दुसऱ्या टोकाला विंगरच्या जागी कोन. स्टॉपरने आधी मान वर करून पलीकडे बघायचं, मगच मारायचं. त्याचे पहिले पास निम्म्या वाटेत पडतात. तो बोटांनी मारतोय. मी खाली बसून त्याचा घोटा धरतो : पावलाचा वरचा भाग, जिथे नाडी बांधतो तो, चेंडूच्या खालच्या अर्ध्या भागाला लागला पाहिजे. टेकलेला पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर, अंग थोडं मागे. बऱ्याच वेळानंतर एक चेंडू वर चढतो आणि कोनाच्या पुढ्यात उतरतो.

‘सर, बसला!’

‘बसला. आता मान वर करून मार.’

सकाळी 7.10

पहिलं लेक्चर सव्वासातला. घामाचे टी-शर्ट बदलून पोरं पळतात. गोली बाकावर डोकं टेकून झोपणार हे मला माहीत आहे आणि त्याच्या मॅडमनाही. त्या फक्त हजेरीपुरती हाक मारतात.

सकाळी 9.30

जिमखान्यात कागदपत्रं. खेळाडूंची यादी, आयकार्डांच्या झेरॉक्स, बोनाफाइड, प्राचार्यांची सही आणि शिक्का. एक फोटो फिकट आलाय, पुन्हा चिकटवावा लागतो.

मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत 0-4 असे गारद झालो. त्या दिवशी सामना सुरू केला तो नऊ जणांनी. नियमाने सात असले तरी उतरता येतं, म्हणून उतरलो. उरलेले दोघे परीक्षेच्या हॉलमध्ये होते. अशा स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. कॉलेजं खूप, मैदानं थोडी, तारखा मोजक्या, त्यामुळे आयोजकांचाही नाइलाज असतो. पण यात चांगल्या संघाला आणखी सामने मिळतात आणि ज्याला शिकायची सर्वांत जास्त गरज आहे त्याचं वर्ष तासाभरात संपतं. मग आम्ही निमंत्रित स्पर्धा शोधत फिरतो, वर्गणी काढून प्रवेश फी भरतो.

डाव्या विंगरला फोन लावतो. मागून लाउडस्पीकरवरची कॉमेंट्री ऐकू येते.

‘कुठे आहेस रे?’

‘सर, भिवंडीला. ही मॅच झाली की डायरेक्ट ठाण्याला येतो, नक्की.’

आमच्या पट्ट्यातल्या गावोगावच्या टेनिस क्रिकेटला मोठी बक्षिसं असतात, मोटरसायकलसुद्धा लागते. त्याच्या घरात त्या पैशाला किंमत आहे. फुटबॉलने त्याला आजवर खर्चच दिलाय. मी त्याला कोणत्या तोंडाने रागावणार?

सकाळी 11.50

डोंबिवली ते ठाणे 14 किलोमीटर. आमचा एक नियम पक्का आहे : कुणीही दारात उभं राहायचं नाही, जागा नसेल तर गाडी सोडायची. 9 जून 2025ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. त्यानंतर दिव्याच्या पोराच्या आईने माझ्याकडून शब्द घेतलाय. आज दोन गाड्या सोडल्या, तिसरीत आत शिरलो.

मुंब्रा आलं की मी पोरांना ‘परचम’ या तिथल्या मुलींच्या गटाबद्दल सांगतो, त्यांना ते पाठ झालं असलं तरी. 2012च्या सुमारास तिथल्या काही मुलींनी एकत्र येऊन फुटबॉल सुरू केला. मुलींना खेळायला मैदान हवं म्हणून त्यांनी सह्यांची मोहीम चालवली, दारोदार फिरल्या. आधी मैदान मागितलं, मग त्यावर खेळल्या. आमच्या कॅप्टनने एकदा विचारलं होतं, ‘सर, आपण कुणाकडे मागायचं?’ तो प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे.

दुपारी 2.00

तीस-तीस मिनिटांचा सामना. राइट बॅक अजून प्रॅक्टिकलमध्ये, म्हणून मिडफिल्डमधल्या एकाला मागे उभा करतो. विंगर मात्र आलाय, क्रिकेटच्या पँटवरच. शिनगार्ड कुणाचे तरी उसने घेतो.

पहिली दहा मिनिटं नेहमीसारखी जातात, सगळे चेंडूभोवती. मी कडेवरून ओरडून ओरडून घसा बसवतो. आणि मग स्टॉपरकडे चेंडू येतो, तो थांबतो, मान वर करतो. मी ओरडायचा थांबतो. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या कडेला जातो, विंगर छातीवर घेतो, त्याच्यासमोर कुणीच नाही. तो आत शिरून जमिनीलगत क्रॉस देतो आणि आमचा टिटवाळ्याचा पोरगा तो नुसता आत ढकलतो. 1-0. या मोसमात आम्ही पहिल्यांदा आघाडीवर आहोत. गोली आपल्या गोलपोस्टपासून धावत मध्यरेषेपर्यंत आला, रेफ्रीने त्याला परत पाठवलं.

हाफटाइमला राइट बॅक पोचतो, रिक्षा करून, हाताला ॲसिडचा वास. मी त्याला उतरवतो. हा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो, कारण मागे उभा केलेल्या पोराचे पाय जड झाले होते.

शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी कॉर्नरवरून बरोबरी केली. दुसरा गोल कसा झाला ते नीट सांगायला हवं. समोरून पास निघणार हे बघून स्टॉपरने हात वर केला आणि आमची मागची फळी दोन पावलं पुढे सरकली. चौघांपैकी तिघं. राइट बॅक जागीच राहिला, कारण ही हालचाल आम्ही ज्या सकाळी बसवली तेव्हा तो प्रयोगशाळेत होता. त्याच्यामुळे त्यांचा फॉरवर्ड ऑफसाइड ठरला नाही, एकटा पुढे निघाला. गोली पाय पसरून समोर आला, चेंडू त्याच्या बोटांना लागून आत गेला. 1-2.

शिट्टी झाल्यावर राइट बॅक गवतावर बसून रडला. स्टॉपर त्याच्याजवळ जाऊन बसला आणि बोटाने मातीत चार टिंबं काढून त्याला फळी कशी सरकते ते दाखवू लागला. मी मध्ये गेलो नाही.

संध्याकाळी 5.00

ठाणे स्टेशनबाहेर वडापाव. विंगरच्या घोट्याला क्रेप बँडेज. गोली तिथूनच कामावर निघतो.

रात्री 9.45

प्राचार्यांना अर्ज लिहायला बसलोय.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, वरिष्ठ गटाची साखळी दरवर्षी होते, 16 संघ, बहुतेक तालमी आणि पेठांचे. तिथला हरलेला संघ पुन्हा त्याच मैदानावर उतरतो, लोक पुन्हा बघायला येतात. 2017च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्या शहराचा. आपल्याकडे लोकसंख्या कमी नाही, हौसही कमी नाही. पोरांना एकत्र खेळायला वेळ आणि जागा मिळत नाही, आमच्या पराभवांचं कारण मला तेवढंच दिसतं.

अर्जात दोन मागण्या आहेत. पहिली, आठवड्यातल्या दोन सकाळी पूर्ण मापाचं मैदान, भाड्याने घ्यावं लागलं तरी, आणि त्या दोन दिवशी संघातल्या पोरांची प्रॅक्टिकल दुपारच्या बॅचला. दुसरी, अंबरनाथपासून ठाण्यापर्यंतच्या क्रीडा शिक्षकांची एक बैठक : सहा-आठ कॉलेजं, जानेवारी-फेब्रुवारीतले रविवार, सगळ्यांचे सगळ्यांशी सामने. चषक नको, पाहुणे नकोत. खर्चाचा अंदाज सोबत जोडलाय, त्यात रेफ्रींचं मानधन, दोन चेंडू, फक्की, पाणी आणि गोलीचे नवे हातमोजे धरलेत. उद्या सकाळी साडेनऊच्या आत अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. कॅप्टनला सोबत घेऊन जाईन, मागणी त्यानेच वाचून दाखवावी.