दिव्यावरील तुडतुड्यांची नोंद

पावसाळा ओसरू लागला म्हणजे हैदराबादेतील आबिड्ससारख्या गजबजलेल्या पेठेतही दिव्यांभोवती बारीक किडे जमू लागतात. सकाळी ते केराबरोबर झाडून टाकले जातात. शहराच्या नैर्ऋत्येस राजेंद्रनगर येथे मात्र अशा किड्यांना मोल आहे. १९६५ मध्ये अखिल भारतीय भात सुधारणा प्रकल्प सुरू झाला, त्याचे हे केंद्र. शेतात प्रकाश-सापळा लावून रात्रभरात सापडलेले कीटक जातवार मोजणे, हे अशा केंद्रांचे नित्यकर्मच होय.

ह्या मोजणीत तपकिरी तुडतुड्यावर विशेष लक्ष असते. तीनचार मिलिमीटरांचा हा जीव भाताच्या बुंध्याशी बसून रस शोषतो. बांधावरून पाहणाऱ्याला शेत हिरवेगारच दिसते. मग एकाएकी जळाल्यासारखे गोल चट्टे पडतात, आणि तोवर उपायाची वेळ टळलेली असते. १९७३-७४ मध्ये केरळात त्याने भातपिकाची मोठी हानी केली.

ह्या कीटकाची दोन रूपे आहेत. लांब पंखांचे तुडतुडे उडत येऊन शेतात उतरतात. त्यांच्या संततीतील आखूड पंखांच्या माद्या उडत नाहीत, पण अंडी विपुल घालतात. दिव्यावर सापडतात ते पहिले, म्हणजे जणू पुढे आलेले जासूदच. म्हणून सापळ्यातला आकडा वाढताच बुंधे उघडून पाहणे आवश्यक ठरते. उडणाऱ्यांची मजल केवढी, हे १९६७ च्या जुलैत दिसून आले : जपानच्या दक्षिणेस भर समुद्रात असलेल्या हवामान-नौकेवर त्यांचे थवेच्या थवे उतरले!

नोंद करणाऱ्याची पहिली अडचण नावाची. मराठीत पानांवरचे आणि बुंध्यावरचे, दोन्ही तुडतुडेच. भिंगातून पाहिल्यास मात्र घोटाळा राहत नाही : बुंध्यावरच्या तुडतुड्याच्या मागील नडगीच्या टोकाशी एक मोठी, हलणारी आर असते, पानांवरच्याच्या नडगीवर काट्यांच्या ओळी असतात.

तारीख, ठिकाण, दिव्याचा प्रकार आणि पिकाचे वय ही तर लिहावीतच. शिवाय तिथीही लिहावी, कारण टिपूर चांदण्यात दिव्याकडे कीटक कमी येतात. ज्या रात्री एकही तुडतुडा सापडला नाही, त्या रात्रीपुढे शून्य मांडावे. रकाना कोरा सोडला, तर कीटक आला नव्हता की दिवाच लागला नव्हता, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही.